‘या वयात काय करायचंय’ म्हणणाऱ्या घरात

वाचक लिहितात:

ताई, नमस्कार. माझं वय 51. इंदूरला राजेंद्र नगरमध्ये राहते, घरीच मुलांना गाणं आणि पेटी शिकवते. मध्यंतरी अंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. बायॉप्सीत कॅन्सर निघाला. मॅमोग्राफीत दोन वेगवेगळ्या जागी गाठी दिसल्या आणि चुन्यासारखे कण बऱ्याच भागात पसरलेत, म्हणून पूर्ण स्तन काढावा लागेल असं डॉक्टर म्हणाले. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली आहे. घरात सगळ्यांचं एकच, या वयात काय करायचंय त्याचं, काढून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. मलाही ते पटतं, पण रात्री रडू येतं आणि रडल्याची लाज वाटते. सासूबाई म्हणतात, बाहेर कोणाला कळू देऊ नकोस, मुलीसाठी स्थळं बघतोय. मुलगी पुण्याला नोकरी करते, तिलाही अजून सांगितलेलं नाही. हे तर काही बोलतच नाहीत, रात्री उशिरापर्यंत फोनवर वाचत बसतात. नणंदेचं म्हणणं, उज्जैनकडे एक वैद्य आहेत, चिरफाड न करता बरं करतात. आणि सुई टोचली ना, आता तो पसरणारच. पेटीचा भाता मी डाव्या हाताने मारते, तो हात नंतर चालेल का, हीही एक काळजी. काय करू?

नमस्कार.

रडल्याची लाज वाटते, हे तुम्ही पत्राच्या मधोमध, बाकीच्या अडचणींच्या गर्दीत घालून टाकलंय. मी तिथूनच सुरुवात करते. गाठ, ऑपरेशन, औषधं यांची उत्तरं डॉक्टरांकडे आहेत. सासूबाई, नणंद, मुलगी यांचंही काही ना काही करता येईल. तुमच्या रडण्याबद्दल मात्र त्या घरात कोणी अवाक्षर काढत नाहीये.

पित्ताशय काढलं म्हणून कोणी रात्री उशीत तोंड खुपसून रडत नाही, कारण पित्ताशयाशी आपली कधी ओळखच झालेली नसते. छातीशी तेराव्या-चौदाव्या वर्षापासून ओळख असते. आधी ओढणीखाली लपवलेली, मग ब्लाउजच्या मापात घेतलेली, बाळंतपणात दुधाने भरून ठणकलेली, लेकीच्या तोंडी दिलेली, नवऱ्याच्या हाताला माहीत असलेली. एक्कावन्नाव्या वर्षी ही ओळख पुसली जात नाही. रोज अंघोळीला ती तिथेच असते. ‘या वयात काय करायचंय’ म्हणणारी माणसं दुष्ट नसतात. बहुतेक वेळा ती घाबरलेली असतात आणि संकट लहान करून बघायची त्यांची ती रीत असते. तरी त्या बोलण्यातला हिशेब मला खटकतो. बाईची छाती नवऱ्यासाठी आणि बाळासाठी, दोन्ही कामं उरकली की ते सामान अडगळीत टाकायला हरकत नाही, असा तो हिशेब आहे. बाई त्यात कुठेच नाही.

तेव्हा ऑपरेशनला हो म्हणा आणि त्यासाठी रडा, यात काही भांडण नाही. रडण्याने धीर खचतो आणि आजार बळावतो, हेही कोणी ना कोणी सांगेल. त्याला आधार नाही. फक्त एवढं बघा की झोप पार उडाली, जेवण तुटलं, सगळं संपवून टाकावंसं वाटू लागलं, तर ते त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला. मनाच्या आजाराची औषधं या काळात चालतात. पण पुढे टॅमॉक्सिफेनची, म्हणजे कॅन्सरवरचा हार्मोनचा परिणाम रोखणारी, गोळी सुरू होण्याची शक्यता असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना ते आधी सांगा. नैराश्यावरची काही औषधं, उदाहरणार्थ पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन, त्या गोळीचं काम कमी करतात. दुसरी चालणारी औषधं आहेत.

आता ऑपरेशन. मी डॉक्टर नाही, कॅन्सरच्या पेशंट आणि त्यांच्या घरच्यांबरोबर बसून बोलायचं काम करते, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

‘सगळं काढलं की मोकळं’ ही समजूत खूप जुनी आहे आणि एके काळी ती डॉक्टरांचीच होती. अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी 1890 च्या दशकात जी शस्त्रक्रिया रूढ केली, तिच्यात स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, म्हणजे लिम्फ नोड, यासुद्धा काढत. पुढे पाऊणशे वर्षं जगभर जवळपास तेच चाललं. मग अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी बायकांचे गट करून तुलना केली. 20 वर्षांच्या पाठपुराव्याचे त्यांचे निष्कर्ष 2002 मध्ये आले: गाठ आणि तिच्या आजूबाजूचा भाग तेवढाच काढून वर शेक, म्हणजे रेडिएशन, दिलेल्या बायका आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका, यांच्या जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. त्यामुळे आज बऱ्याच जणींचा स्तन वाचवता येतो, आणि ‘वाचवता येईल का’ हा प्रश्न विचारणं म्हणजे नखरे नव्हेत.

तुमच्या बाबतीत डॉक्टरांनी दिलेलं कारण मात्र नेहमीच्या कारणांपैकीच आहे. गाठी वेगवेगळ्या भागांत असल्या आणि कॅल्शियमचे संशयास्पद कण खूप पसरलेले असले, तर थोडंच काढून भागत नाही. आधी केमो देऊन गाठ लहान करता येते, पण हे कण केमोने विरघळत नाहीत. म्हणजे पूर्ण स्तन काढावा लागेल या उत्तराची मनाची तयारी ठेवा. तरी प्रश्न विचाराच, कारण उत्तर तेच आलं तरी ते तुम्ही विचारून घेतलेलं असेल. पुढच्या वर्षी आरशासमोर उभं राहताना त्याने बराच फरक पडतो.

विचारायचा पहिला प्रश्न माझ्या मते हा: ईआर, पीआर आणि हर-टू, म्हणजे कॅन्सर हार्मोनवर किंवा हर-टू नावाच्या प्रथिनावर वाढतो का, यांचा रिपोर्ट आला आहे का? बायॉप्सीच्या तुकड्यावरच ही तपासणी होते आणि ती ऑपरेशनच्या आधी हातात असायला हवी. हर-टू पॉझिटिव्ह असेल किंवा तिन्ही निगेटिव्ह असतील आणि गाठ फार लहान नसेल, तर अनेकदा केमो आधी आणि ऑपरेशन नंतर असा क्रम ठरतो. हर-टूपुढे ‘2+’ लिहिलं असेल तर तो अर्धवट निकाल आहे, ‘फिश’ नावाची आणखी एक तपासणी लागते. घाईगर्दीत तारीख ठरते आणि हा कागद मागून येतो, असं व्हायला नको.

दुसरा प्रश्न काखेचा. काखेतल्या गाठींमध्ये आजार गेलेला दिसत नसेल, तर हल्ली सगळ्या गाठी काढत नाहीत. निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून पहिल्या एक-दोन गाठी शोधतात, तेवढ्याच काढून तपासतात. त्याला सेंटिनल नोड बायॉप्सी म्हणतात. तुमच्यासाठी हा प्रश्न पेटीचा आहे, कारण नंतर हाताला सूज येणं, खांदा आखडणं हा त्रास स्तन काढल्यापेक्षा काख साफ केल्यामुळे जास्त होतो. सगळ्या गाठी काढाव्या लागल्या तरी घाबरू नका, त्याबद्दल पुढे लिहिते.

तिसरी गोष्ट आपल्याकडचीच आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या 11 केंद्रांत केलेला एक अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. गाठ काढायच्या 7 ते 10 मिनिटं आधी तिच्याभोवती लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना देतात तसलं साधं बधिरतेचं औषध, टोचायचं, एवढंच त्यात होतं. 1,583 स्त्रियांच्या या अभ्यासात पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन दिलेल्यांमध्ये 90.1 टक्के आणि न दिलेल्यांमध्ये 86.4 टक्के होतं. यातल्या सगळ्या जणी आधी केमो न घेता थेट ऑपरेशनला गेलेल्या होत्या. तुमचंही तसंच ठरलं, तर सर्जनना सरळ विचारा, तुम्ही हे देता का? औषध अगदी स्वस्त आहे, त्यामुळे खर्चाचा मुद्दाच येत नाही.

दुसरं मत घ्यायचं असेल तर वेळ आहे. कॅन्सर काही गाठ हाताला लागली त्या दिवशी सुरू झालेला नसतो. दोन-तीन आठवडे नीट चौकशीत गेले तर काही बिघडत नाही. महिने मात्र जाऊ देऊ नका. इंदुरातच दुसऱ्या एखाद्या कॅन्सर सर्जनला दाखवता येईल. मुंबईला जायचं तर संध्याकाळी अवंतिका एक्स्प्रेसमध्ये बसलात की सकाळी मुंबईत. घरबसल्या हवं असेल तर टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरच्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्याशी जोडलेली ‘नव्या’ ही ऑनलाइन सेवा आहे, कागद पाठवून तज्ज्ञांचं मत लेखी मिळतं. कुठेही जा, नुसती फाइल नेऊ नका. ज्या लॅबमध्ये बायॉप्सी तपासली तिथून तुमचा तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या. त्यांच्यावर तुमचा हक्क आहे. अर्ज लिहून द्यावा लागतो, कधी एक-दोन दिवस लागतात. मॅमोग्राफीच्या फिल्म किंवा सीडीही घ्या. ब्लॉक घरीच राहिले म्हणून परळच्या टाटा हॉस्पिटलमधून रिकाम्या हाताने परतणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आणि दुसरं मत म्हणजे दुसरं. तिसरं, चौथं, पाचवं करत फिरलं की डोक्याचा नुसता भुगा होतो.

याच भेटीत नवा स्तन घडवण्याबद्दलही विचारा. तुमच्यासमोर हा विषय कोणी काढला नसेल, अशी मला शंका आहे. ‘या वयात’ हे घरचे लोकच म्हणतात असं नाही. पोटाची किंवा पाठीची स्वतःचीच त्वचा आणि मांस वापरून, किंवा सिलिकॉनचं इम्प्लांट बसवून, त्याच ऑपरेशनमध्ये किंवा वर्ष-दीड वर्षाने हे करता येतं. त्याच वेळी करायचं तर छातीची त्वचा राखून ठेवावी लागते, म्हणून हे आधी ठरायला हवं. नंतर शेक घ्यावा लागणार असेल तर इम्प्लांटला त्रास होण्याची शक्यता वाढते, तेव्हा बरेच सर्जन थांबायला सांगतात. ऑपरेशन लांबतं, खर्च वाढतो, जखमा दोन होतात. हे सगळं ऐकून ‘नको बाई, सपाट बरी’ असं तुम्ही म्हणालात तर तेही उत्तम. माझ्या ओळखीतल्या बहुतेक जणींनी तेच ठरवलं आणि त्यांचं काही अडलेलं नाही. ‘हवं’ म्हणालात तर एक्कावन्न हे वय आड येत नाही. मेडिक्लेम असेल तर कंपनीला ऑपरेशनआधीच लेखी विचारा की स्तनाची पुनर्रचना पॉलिसीत बसते का. आयुष्मान कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार बसतात; हॉस्पिटल त्या योजनेत आहे ना आणि तुमचं पॅकेज मंजूर झालंय ना, हे भरती होण्याआधी बघून घ्या.

ऑपरेशनचं फार वर्णन करत नाही. पूर्ण भूल असते, दोन-चार दिवसांत घरी सोडतात. दुखतं, पण पोटाच्या ऑपरेशनइतकं नाही, असं दोन्ही झालेल्या बायका सांगतात. खरा वैताग नळीचा. जखमेतलं पाणी बाहेर यायला एक किंवा दोन नळ्या असतात, त्यांच्या टोकाला डबी. ती डबी घेऊन आठवडा-दोन आठवडे वावरायचं. रोज किती पाणी जमलं ते मोजून वहीत लिहायचं. बहुतेक ठिकाणी दिवसाला 30 मिलीच्या खाली आलं की नळी काढतात. पुढून बटणं असलेले सैल गाउन आणि यजमानांचे जुने शर्ट आत्ताच काढून ठेवा, डोक्यावरून घालायचे कपडे महिनाभर नकोत. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहील, कधी नसलेल्या जागी खाज सुटल्यासारखं वाटेल. घाबरू नका, बऱ्याच जणींना होतं.

आता पेटी. फिजिओथेरपिस्ट व्यायाम सांगतील: बोटांनी भिंतीवर चढत जायचं, केस विंचरायचे, खांदे फिरवायचे. ते कंटाळवाणे असतात आणि नेमके तिसऱ्या आठवड्यात, बरं वाटायला लागलं की सुटतात. सोडू नका. आणि त्यांना नुसतं ‘हात चालेल ना’ असं विचारू नका. डाव्या हाताने भाता मारते, एका वेळी इतका वेळ, दिवसाला इतकी मुलं, असं सांगा. जमलं तर करून दाखवा. भात्याला हात खांद्याच्या वर न्यावा लागत नाही, जोरही फार लागत नाही, म्हणून नळी निघाल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली की थोडं थोडं सुरू करता यावं. पेटी उचलून कपाटावर ठेवणं मात्र तुमच्या कामातून कायमचं गेलं असं समजा. शिष्य कशाला असतात? त्या हाताला जपायचं म्हणजे भाजणं, कापणं, किडा चावणं याकडे दुर्लक्ष करायचं नाही. रक्त काढायला, बीपी बघायला शक्यतो उजवा हात पुढे करायचा. हात जड वाटला, बांगडी किंवा अंगठी अचानक घट्ट झाली, तर त्याच आठवड्यात दाखवायचं. सुरुवातीला पकडलेली सूज पट्ट्या, बाही आणि मालिश यांनी आटोक्यात राहते, जुनी झालेली हटता हटत नाही. आणखी एक. क्लास किती दिवस बंद, हे पालकांना नक्की सांगू नका. केमो किंवा शेक लागेल का ते ऑपरेशननंतरच्या रिपोर्टवर ठरेल. परीक्षेला बसणारी मुलं असतील तर त्यांना आत्ताच एखाद्या मैत्रिणीकडे सोपवा.

ब्लाउजचंही सांगून टाकते, कारण हे कोणी सांगत नाही आणि बायका विचारत नाहीत. जखम भरेपर्यंत मऊ कापसाचा हलका भराव वापरायचा. सहा-आठ आठवड्यांनी, डॉक्टर म्हणतील तेव्हा, सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो, तो खिसा असलेल्या खास ब्रामध्ये बसतो. हे केवळ दिसण्यासाठी नाही. एका बाजूचं वजन गेलं की मान आणि खांद्यावर ताण येऊ शकतो, बसून शिकवणाऱ्या बाईला तर त्याची जास्तच जाणीव होते. आपला पदर डाव्याच खांद्यावर असतो, तेवढी सोय मात्र झाली. तुमचा शिंपी जुना आणि समजूतदार असेल तर त्याच्या बायकोच्या कानावर घाला. नसेल तर सीतलामाता बाजारात तयार ब्लाउज ढिगाने मिळतात.

यजमानांकडे येते. ते रात्री फोनवर काय वाचत असतील याचा मला अंदाज आहे: किती टक्के बायका किती वर्षं जगतात. त्यांच्या पिढीच्या पुरुषांना ‘तुम्हाला काय वाटतंय’ असं विचारलं की ते उठून गॅलरीत जातात. त्यांना काम द्या. लॅबमधून ब्लॉक आणायचे, फाइल तारखेप्रमाणे लावायची, विमा कंपनीच्या मागे लागायचं, नळीचं पाणी मोजून वहीत लिहायचं. ही वही फार उपयोगी पडते. बायकोच्या जखमेजवळ जायचं निमित्त त्यांना हवं असतं, पण मागायचं कसं ते कळत नाही. एक प्रश्न मात्र तुम्ही ऑपरेशनच्या आधी, दिवे मालवल्यावर, त्यांना विचाराच: नंतर मला बघायची तुम्हाला भीती वाटते का? उत्तर काहीही येवो, ‘हं’ एवढंच येवो. त्यांच्या गप्प राहण्याला तुम्ही किळस समजाल आणि तुमच्या पाठ फिरवण्याला ते नकार समजतील, अशाने वर्षानुवर्षं एका खोलीत दोन माणसं वेगवेगळी झोपलेली मी पाहिली आहेत.

पट्टी निघताना पहिल्यांदा कोणाबरोबर बघायचं, हे तुम्हीच ठरवा. एकटीने बघायचं असेल तर नर्सला सांगून दोन मिनिटं मागून घ्या. त्या दिवशी नाहीच बघवलं तर दुसऱ्या दिवशी बघा. जखम भरल्यावर जवळ येण्याला वैद्यकीय मनाई नसते, स्पर्शाने हा आजार कोणाला होत नाही. घरात कोणी ताट-वाटी वेगळी काढली तर तिथल्या तिथे थांबवा. पुढच्या औषधांनी योनीमार्गात कोरडेपणा येतो, तो स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगायचा. हार्मोन असलेलं क्रीम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही.

सासूबाईंच्या लहानपणी या आजाराचं नाव घरात घेत नसत. त्यांना भीती वाटते ती खोटी नाही. तरी ही बातमी तुमची आहे. कोणाला सांगायची हे तुम्ही ठरवायचं, त्यांनी नाही, स्थळं बघणाऱ्या काकूंनी तर मुळीच नाही. राजेंद्र नगरात हळदीकुंकवाला आणि सानंद संस्थेच्या नाटकाला तुम्ही दोन वेळा दिसला नाहीत की तिसऱ्या वेळी कुजबुज आपोआप सुरू होते, आणि कुजबुजीतला आजार खऱ्यापेक्षा नेहमीच मोठा असतो. एका विश्वासाच्या मैत्रिणीला सगळं सांगा, जिच्यासमोर तोंड धुवायची घाई करावी लागणार नाही. बाकीच्यांना ‘माझं एक ऑपरेशन आहे, नंतर सांगते’ एवढं पुरे. त्यावर कोणी खोदून विचारलं तर हसून चहा विचारा.

मुलीला मात्र याच आठवड्यात सांगा. तिला फोनवरून कळून पुण्यात एकटीने रात्र काढावी लागेल म्हणून तुम्ही थांबला असाल, तर तिला सुट्टी काढून यायला सांगा, समोर बसवा आणि सांगा. ऑपरेशन झाल्यावर कळलं तर ती पुढची वीस वर्षं तुमच्या प्रत्येक ‘मी बरी आहे’वर संशय घेईल. शिवाय यात तिच्या तब्येतीचाही प्रश्न आहे. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण 5 ते 10 टक्केच आनुवंशिक दोषामुळे होतात, म्हणजे बहुतेक वेळा आईकडून मुलीकडे असं काही जात नाही. तुमची जनुकांची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा, विशेषतः तिन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले किंवा माहेरी, म्हणजे तुमच्या आई किंवा वडिलांच्या रक्ताच्या नात्यात, कोणाला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर झालेला असला तर. तुमच्यात दोष निघाला नाही तर तिने वेळेवर तपासण्या सुरू करणं पुरेसं असतं, त्या कधीपासून ते डॉक्टर सांगतील.

स्थळांचं म्हणाल, तर पहिल्या चहा-पोह्यांना आईच्या फाइली मांडायची गरज नाही. गोष्ट पुढे गेली की मुलगी स्वतः मुलाला सांगेल, ते तिचं काम. भारतात दरवर्षी एक लाख नव्वद हजारांच्या आसपास स्त्रियांना हा आजार नव्याने होतो. ज्या घराला अशा घरची मुलगी नको, त्यांनी आधी आपल्याच नात्यांत डोकावून बघावं. आणि हा आनुवंशिक दोष वडिलांकडूनही येतो, हे त्यांच्यातल्या एखाद्या हुशार मामांना ऐकवायला हरकत नाही.

नणंदेशी वाद घालत बसू नका, वेळ कमी आहे. सुई टोचल्याने कॅन्सर पसरत नाही. बायॉप्सीशिवाय कोणतं औषध द्यायचं तेच ठरत नाही. वैद्यांबद्दल माझं मत कडक आहे: हाताला लागणारी, काढून टाकता येणारी गाठ ‘चिरफाड न करता’ बरी करतो म्हणणाऱ्याकडे गेलेली माणसं सहा-आठ महिन्यांनी परत येतात, तेव्हा गाठ काढण्याच्या पलीकडे गेलेली असते. पथ्याचं जेवण, प्राणायाम, झोप, कोणाचाही अंगारा कपाळाला, सगळं करा. पोटात जाणारं काही नको. भस्मांमध्ये जड धातू असू शकतात, काही काढ्यांनी यकृतावर ताण येतो, काही गोष्टींनी रक्त पातळ होतं. आधीच काही घेऊन झालं असेल तर संकोच न करता भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. ते रागावले तर रागावू देत. नणंदेला ते सगळं आवडणार नाही, म्हणून तिलाही एक काम द्या: तुम्ही भरती असताना सासूबाईंचं जेवणखाण.

ऑपरेशननंतर काढलेल्या भागाचा रिपोर्ट यायला आठवडा-दहा दिवस लागतात. केमो, शेक, हर-टूसाठी वर्षभराची इंजेक्शनं, पाच ते दहा वर्षांची गोळी, यातलं काय तुमच्या वाट्याला येईल ते त्या कागदावरून ठरेल, तोवर कोणाच्या आत्याचं काय झालं होतं ते ऐकू नका. रिपोर्ट आला की मला पुन्हा लिहा, केस गळण्याबद्दल तेव्हा बोलू. सोमवारी सकाळी आधी लॅबला फोन.